तमिळ चित्रसंगीतातला जॅझ वॉल्ट्झ: तीन मात्रांचा हिशोब

तमिळ चित्रपटगीतांविषयी लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या रसिकांमध्ये अलीकडे एक सवय दिसते. गाणे तीन मात्रांत चालत असले आणि मागे पियानोचे किंवा गिटारचे थोडे रंगीत स्वरसमूह वाजत असले, की ‘हा जॅझ वॉल्ट्झ आहे’ असे म्हणून मोकळे व्हायचे. मी पुण्यात तबला शिकलो आणि नोकरीमुळे पुढे बरीच वर्षे चेन्नईत राहिलो, त्यामुळे ताल कोणत्या घरातून आला आहे हे तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे, की तमिळ गाण्यात तीन मात्रा जॅझने आणल्या नाहीत. त्या तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होत्या. जॅझकडून आले ते त्या तिनांचे वजन कुठे टाकायचे याचे एक वेगळे तंत्र. ते तंत्र ज्या गाण्यात आहे तेवढ्यालाच जॅझ वॉल्ट्झ म्हणावे, आणि अशा गाण्यांची संख्या रसिक समजतात त्याहून बरीच कमी आहे.

वॉल्ट्झ हा तीन मात्रांचा युरोपीय जोडीनाच; साधा वॉल्ट्झ सगळ्यांच्या कानावरून गेलेला असतो. पहिल्या मात्रेवर बेसचा जड सूर आणि नंतरच्या दोन मात्रांवर दोन हलके ठोके, असा त्याचा ठेका आहे. व्हिएन्नाच्या परंपरेत दुसरा ठोका किंचित आधी येतो आणि त्यामुळे नाचणाऱ्याचे पाऊल पुढे ओढले जाते, पण पहिल्या मात्रेचे राज्य अबाधित असते. जॅझ वॉल्ट्झमध्ये नेमके हेच राज्य डळमळीत होते. ड्रमवादकाचा उजवा हात राइड सिंबलवर (ड्रमसंचातल्या मोठ्या झांजेवर) पहिली मात्रा सबंध वाजवतो, दुसरी मात्रा दोन असमान तुकड्यांत फोडतो आणि तिसरी पुन्हा सबंध ठेवतो. त्याच वेळी डावे पाऊल हाय-हॅटची, म्हणजे पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीची, झाकणे दुसऱ्या मात्रेवर ‘चिक’ असा आवाज करून मिटते. पहिल्या मात्रेवर मोठ्या ड्रमचा ठोका असलाच तर तो ऐकू येण्यापेक्षा जाणवण्यापुरता असतो. डावा हात स्नेअरवर (तडतडत्या आवाजाच्या लहान ड्रमवर) मोकळा असतो आणि त्याचा आवडता खेळ म्हणजे तीन मात्रांच्या घरात दोन समान ठोके बसवणे, म्हणजे दर दीड मात्रेला एक. बेसवादकही पुष्कळदा हीच दीड-दीड मात्रांची विभागणी धरतो आणि रंग चढल्यावर प्रत्येक मात्रेला एक सूर देत चालू लागतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला एकाच वेळी एक, दोन आणि तीन अशा तिन्ही गती ऐकू येतात, आणि कोणती खरी हे त्याचे त्याने ठरवायचे असते.

गंमत म्हणजे जॅझलाही हे सहज साधलेले नाही. जॅझचा मूळ पिंड चार मात्रांचा. फॅट्स वॉलरने १९४२ मध्ये हॅमंड ऑर्गनवर ‘जिटरबग वॉल्ट्झ’ वाजवला तेव्हा तो अपवादच होता. मॅक्स रोच या ड्रमवादकाने सबंध तबकडी तीन मात्रांत करायला १९५७ साल उजाडावे लागले. पियानोवादक बिल एव्हान्सच्या ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’चे १९६१ चे गाजलेले मुद्रण ऐकले तर लक्षात येते, की मुखडा तीन मात्रांत वाजवून झाल्यावर ती मंडळी विस्तारासाठी सरळ चार मात्रांत शिरतात. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने मात्र ऑक्टोबर १९६० मध्ये ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ या रंगभूमीवरच्या एका गोड वॉल्ट्झ-गीताचे जे जवळजवळ चौदा मिनिटांचे वादन केले, त्यात ड्रमवादक एल्विन जोन्सने तीन मात्रा शेवटपर्यंत सोडल्या नाहीत आणि मॅकॉय टायनरच्या पियानोने एकाच आधारस्वराभोवती घोटत राहण्याचा मार्ग धरला. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला ते वादन परके वाटत नाही. हिंदुस्थानी संगीताचे कोल्ट्रेनला असलेले आकर्षण सर्वश्रुत आहे. पंडित रविशंकरांच्या नावावरून त्याने आपल्या मुलाचे नाव रवी ठेवले.

आता दक्षिणेकडे वळू. आपल्या दादऱ्याच्या सहा मात्रा ‘धा धी ना, धा ती ना’ अशा दोन खंडांत पडतात आणि पहिला खंड भरीचा (वजनदार), दुसरा खालीचा (हलका) असतो. म्हणजे दादऱ्यातला विरोध एका खंडाचा दुसऱ्या खंडाशी आहे. जॅझ वॉल्ट्झमध्ये खाली नाही. तिथला विरोध एकाच घरात, पहिल्या आणि दुसऱ्या मात्रेत आहे. कर्नाटक संगीतात तीन मात्रांचे दोन निरनिराळे मार्ग आहेत आणि ते वेगळे ठेवणे फार महत्त्वाचे आहे. एक म्हणजे रूपक ताल, जो प्रत्यक्ष मैफलीत दोन टाळ्या आणि एक हात उलटा, अशा तीन क्रियांनी दाखवला जातो. (आपल्या सात मात्रांच्या रूपकाशी त्याचा काही संबंध नाही.) दुसरा म्हणजे तिस्र नडै: ताल कोणताही असो, त्याच्या प्रत्येक मात्रेचे तीन समान भाग करायचे आणि ‘तकिट तकिट’ म्हणत चालायचे. कुम्मी ही टाळ्यांच्या तालावर फेर धरून म्हणायची बायकांची गाणी या तिस्र चालीची आहेत, आणि तमिळ कवी सुब्रह्मण्य भारतींनी स्त्रीमुक्तीचे गाणे लिहिताना तीच चाल उचलली होती.

जॅझमधला ‘स्विंग’ म्हणजे तरी काय? मात्रेचे तीन भाग कल्पून पहिले दोन एकत्र बांधायचे आणि तिसरा सुटा ठेवायचा. तबलजीच्या किंवा मृदंगवादकाच्या भाषेत सांगायचे तर ‘तकिट’ म्हणताना ‘कि’ गिळायचा, म्हणजे ‘त–ट’ असा लांब-आखूड जोड उरतो. जॅझ वॉल्ट्झच्या तीन मात्रांपैकी प्रत्येक मात्रा अशी आतून त्रिभागी असते. एकूण नऊ सूक्ष्म ठोके होतात. म्हणजे कर्नाटक पद्धतीने त्याचे वर्णन एका ओळीत करता येते: रूपकाची तीन क्रियांची मांडणी आणि तिच्या आत तिस्र नडै. दोन्ही गोष्टी मद्रासच्या कोणत्याही मृदंगवादकाच्या हातात लहानपणापासून असतात. जे नसते ते ‘कि’ गिळण्याचे आणि दुसऱ्या मात्रेवर पाऊल मिटण्याचे वळण.

या दोन घरांची प्रत्यक्ष गाठ पडल्याचा एक प्रसंग इतिहासात नोंदलेला आहे. १९५८ च्या वसंतात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीला युरोप-आशियाच्या दौऱ्यावर पाठवले. मुंबईत ब्रूबेकने सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वादन केले आणि मद्रासमध्ये त्याचा ड्रमवादक जो मोरेलो हा पळनी सुब्रह्मण्य पिळ्ळै यांच्या मृदंगासमोर बसला. पिळ्ळै डावखुरे होते आणि लयीच्या अवघड हिशोबांसाठी त्यांचा दबदबा होता. त्याच दौऱ्यात तुर्कस्तानच्या रस्त्यावर ऐकलेल्या नऊच्या लयीतून ब्रूबेकची एक प्रसिद्ध रचना जन्मली आणि पुढच्या वर्षी विषम तालांची त्याची ती गाजलेली तबकडी निघाली. मद्रासच्या त्या भेटीमुळे तमिळ चित्रसंगीतात काही बदल झाला असा दावा मी करणार नाही. तसा पुरावा नाही. पण मोरेलोसारख्याला मृदंगाशी बोलताना दुभाष्या लागला नाही, एवढे त्यातून दिसते.

चित्रसंगीतात ही गाठ पडली ती ध्वनिमुद्रणाच्या खोलीत, आणि तिची सुरुवात भाषेपासून होते. तमिळ चित्रपटात बहुतेक वेळा चाल आधी होते. तिला ‘मेट्टु’ म्हणतात. संगीतकार कवीला ती ‘तान तान, तनन तान’ अशा निरर्थक अक्षरांत गाऊन दाखवतो आणि कवी त्या साच्यात शब्द बसवतो. या अक्षरसाच्याला ‘तत्तकारम’ म्हणतात आणि संगीतकार एम. एस. विश्वनाथन आणि कवी कण्णदासन यांच्यासारख्या जोडीचे अर्धे कौतुक या एका कसरतीसाठी आहे. ‘तान’ म्हणजे एक गुरू आणि एक लघू, आपल्या मात्रावृत्तांच्या हिशोबाने तीन मात्रा. ‘उयर्न्द मनिदन’ (१९६८) या चित्रपटातले पी. सुशीला यांचे ‘नाळै इन्द वेळै पार्त्तु ओडि वा निला’ हे गाणे म्हणून पाहा. नाळै, इन्द, वेळै, पार्त्तु: चारही शब्द ‘तान’ आहेत. (शब्दाच्या शेवटचा ‘ऐ’ तमिळमध्ये ऱ्हस्वासारखा आखडतो, हे येथे उपयोगी पडते.) म्हणजे वाद्यवृंदाने एकही ठोका वाजवण्याआधी शब्दांनीच तीन मात्रांची, लांब-आखूड चाल पकडलेली आहे. उत्कृष्ट पार्श्वगायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार त्या वर्षी प्रथमच दिला गेला आणि तो सुशीलाबाईंना याच गाण्याने मिळवून दिला. पती जवळ नसलेली स्त्री चंद्राला ‘उद्या याच वेळी ये’ म्हणून विनवते आहे. त्या विनवणीला वॉल्ट्झचे व्हायोलिनवृंद शोभून दिसतात.

मात्र हे गाणे जॅझ वॉल्ट्झ नाही. त्यात पहिल्या मात्रेचा मान कुठेही कमी होत नाही, आणि लांब-आखूड हा संबंध मात्रांच्या पातळीवर आहे, मात्रेच्या पोटात नाही. हाच प्रकार ‘पट्टिन प्रवेशम’ (१९७७) मधल्या ‘वान निला निला अल्ल’ या गाण्याचा. विश्वनाथन यांची चाल, एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज आणि प्रत्येक ओळ ‘ला’ या अक्षरावर आणून सोडण्याची कण्णदासनांची हौस. ‘निला’ हा शब्दच लघू-गुरू असल्यामुळे प्रत्येक वेळी लहान अक्षरावरून मोठ्या अक्षरावर उतरावे लागते आणि तिनांची चाल आपोआप तयार होते. मराठी वाचकाला ‘सदमा’मधली ‘सुरमई अँखियों में’ ही लोरी ठाऊक असेल. तिचे मूळ ‘मून्ऱाम पिऱै’ (१९८२) मधले ‘कण्णे कलैमाने’ आहे. संगीतकार इळैयराजांनी तिथे पाळण्याची सहाची लय ठेवली आणि तिच्यात स्विंगचा थेंबही टाकला नाही, जे योग्यच होते. ही तिन्ही गाणी मला अतिशय प्रिय आहेत. ती चांगली आहेत म्हणून त्यांना जॅझची पदवी द्यायला हवी असे मात्र नाही.

मग जॅझ आला कुठून? तो वादकांच्या अंगातून आला. मद्रासच्या रेल्वे वसाहतींत, विशेषतः पेरांबूरला, अँग्लो-इंडियन कुटुंबांमध्ये शनिवारच्या नाचासाठी बँड वाजवणारे लोक होते; हॉटेलांत आणि क्लबांत वाजवणारे होते. मद्रास इलाख्यात दारूबंदीचा आरंभ १९३७ मध्ये सेलम जिल्ह्यापासून झाला, १९४८ पर्यंत ती सगळीकडे पोचली आणि १९७१ मध्ये उठली. मुंबईतही १९४९ च्या कायद्यानंतर हॉटेलांमधले बँड ओसरले आणि गोमंतकीय वादकांचा मोठा आधार चित्रपटांचे स्टुडिओ हाच राहिला, हे आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे. मद्रासमध्येही तसेच घडले असावे, हा माझा तर्क आहे. गोमंतकीय वादकांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र तर्काची नाही: तिनांची लय त्यांना जॅझकडून शिकावी लागली नाही. मांडो संथ तीन मात्रांत चालतो आणि त्याच्यामागून येणारे दुलपद सहाच्या चपळ लयीत. घरच्या लग्नात जे वाजते ते हातात असतेच.

या वादकांना पाहायचे असेल तर ‘सर्व्हर सुंदरम’ (१९६४) मधले ‘अवळुक्केन्न अळगिय मुगम’ पाहावे. गाणे ध्वनिमुद्रण होत असल्यासारखे चित्रित केले आहे. विश्वनाथन हात हलवत वाद्यवृंद चालवतात, टी. एम. सौंदरराजन माइकसमोर उभे राहून गातात, आणि कॅमेरा बाँगो, पितळी वाद्ये, गिटार, व्हायोलिनच्या रांगा यांवरून फिरतो. गाणे चार मात्रांचे, लॅटिन वळणाचे आहे. आपल्या विषयाशी त्याचा तालापुरता संबंध नाही. पण सगळे एका खोलीत, एका दमात, कुणी चुकले तर पहिल्यापासून, अशा पद्धतीने हे संगीत होत होते, हे त्यात डोळ्यांनी दिसते. विश्वनाथन यांच्या वाद्यवृंदातले ड्रमवादक नोएल ग्रँट यांच्यासारख्यांचे नाव तबकडीच्या वेष्टनावर येत नसे. त्यांच्या पावलाचा ‘चिक’ मात्र आला आहे.

चेन्नईत माझ्या शेजारी अशाच एका पिढीतले निवृत्त ड्रमवादक राहत. मी त्यांना अंकल म्हणत असे आणि ते मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ. एकदा मी त्यांना दादरा बोलून दाखवला आणि विचारले, की याच्यात आणि तुमच्या जॅझ वॉल्ट्झमध्ये फरक काय. त्यांनी जेवणाच्या टेबलाच्या कडेवर दोन बोटांनी सिंबलची चाल धरली आणि मला म्हणाले, ‘तंबी, हातांकडे बघू नकोस, खाली बघ.’ टेबलाखाली त्यांची टाच वर होती आणि चवडा दुसऱ्या मात्रेवर पडत होता, अगदी हलका, पण एकदाही न चुकता. मग त्यांनी पाऊल थांबवले आणि हात तसाच चालू ठेवला. ठेका तोच होता, पण काही आवर्तनांतच तो सहाच्या सरळ चालीसारखा ऐकू येऊ लागला. पाऊल पुन्हा पडू लागल्यावर सगळे परत आले. पुढे मी जुनी गाणी ऐकताना आधी तो ‘चिक’ शोधू लागलो. गाणे कोणत्या जातीचे आहे याचा निकाल बहुतेक वेळा तिथेच लागतो.

चित्रसंगीतात हा निकाल बिघडवणारा एक घटक आहे आणि तो माझ्याच वाद्याचा आहे, हे सांगायला हवे. तमिळ गाण्यात पल्लवीला (मुखड्याला) ड्रम आणि बेस गिटार असते आणि चरणम (अंतरा) सुरू झाले की पुष्कळदा तबला किंवा ढोलक येतो. तबल्याने सहा मात्रांची लग्गी, म्हणजे चपळ खेळती चाल, धरली की तो मात्रेचे तुकडे त्याच्या सवयीने सरळ पाडतो. सिंबलवाला ‘कि’ गिळत असतो आणि तबलजी तो स्पष्ट वाजवतो. दोघांपैकी एकाला माघार घ्यावी लागते आणि ध्वनिमुद्रणात तबला पुढे ठेवलेला असल्यामुळे माघार बहुधा सिंबल घेतो. म्हणून खरा जॅझ वॉल्ट्झ तमिळ गाण्यात सबंध गाण्यापेक्षा सुरुवातीच्या आणि मधल्या वाद्यखंडांत, किंवा पडद्यावरच्या प्रसंगाखालच्या पार्श्वसंगीतात अधिक सापडतो. या पार्श्वसंगीताला चेन्नईत ‘री-रेकॉर्डिंग’ म्हणतात, आणि ते गाण्यांच्या तबकडीत येत नाही, त्यामुळे रसिकांच्या याद्यांमध्येही येत नाही.

इळैयराजांच्या बाबतीत प्रश्न जरा वेगळा होतो. १९७६ मध्ये ‘अन्नक्किळि’ने त्यांचे नाव झाले, पण त्याआधी ते जी. के. वेंकटेश यांच्याकडे साहाय्यक होते आणि धनराज मास्तरांकडे पाश्चात्त्य संगीताचे लेखन शिकले होते. ते सबंध वाद्यवृंदाचे संगीत स्वतः कागदावर लिहितात आणि वादक आपापला भाग त्यावरून उतरवून घेतात. बेस गिटारची ओळसुद्धा लिहिलेली असते, आणि त्यांच्या गाण्यांत ती स्वतंत्र चालीइतकी देखणी असते. पण स्विंग कागदावर नीट उतरत नाही. जॅझची लिपी मात्रेचे दोन समान तुकडे लिहिते आणि ते असमान वाजवायचे हे वादकाला ठाऊक आहे असे गृहीत धरते. किती असमान, हे लयीवर ठरते: संथ लयीत लांब-आखूड फरक ठळक असतो आणि लय चढू लागली की तो कमी होत जवळजवळ समान होतो. म्हणून इळैयराजांच्या कागदावरचा स्विंग प्रत्यक्षात आला तो त्यांचे ड्रमवादक पुरुषोत्तमन, बेसवादक शशिधरन आणि कळफलकावरचे विजी मॅन्युएल अशा माणसांमुळे. रचनाकाराचे मोठेपण यात कमी होत नाही; पण लोक फक्त चालीवरून ‘हा जॅझ, हा नाही’ असे ठरवतात तेव्हा निम्मा पुरावा त्यांच्या हातात नसतो.

इथे एका मराठी माणसाचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. सी. रामचंद्र म्हणजे आपले चितळकर. हिंदीत ‘अलबेला’ (१९५१) मध्ये गोमंतकीय ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांच्या साथीने त्यांनी स्विंग घराघरांत पोचवला. त्यांच्या संगीतकार म्हणून असलेल्या कारकिर्दीच्या अगदी सुरुवातीला तमिळ चित्रपट आहेत, त्यांपैकी एक ‘वनमोहिनी’ (१९४१). पुढे जेमिनी स्टुडिओच्या ‘वंजिक्कोट्टै वालिबन’चे संगीतही त्यांचेच, आणि त्यातली पद्मिनी-वैजयंतीमालांची नृत्याची जुगलबंदी तमिळ लोक आजही विसरलेले नाहीत. तो चित्रपट १९५८ चा, म्हणजे ब्रूबेक मद्रासमध्ये येऊन गेला त्याच वर्षीचा.

ए. आर. रहमान यांच्या वेळेपर्यंत खोली बदलली होती. ऐंशीच्या दशकात रॉजर लिन या अमेरिकन अभियंत्याने ताल वाजवणाऱ्या यंत्रात ‘स्विंग’ ही सोय दिली: पन्नास टक्क्यांवर दोन्ही तुकडे समान, सहासष्टच्या आसपास ‘कि’ गिळलेला ‘तकिट’, आणि पुढे पंचाहत्तरपर्यंत. जी गोष्ट पेरांबूरच्या पावलात होती ती एका आकड्यात आली. ‘रोजा’ (१९९२) पासून मद्रासचे संगीत या यंत्रांच्या मदतीने होऊ लागले आणि आता कोणालाही स्विंग हवा तेवढा मिळतो. अडचण अशी, की आकडा सबंध गाण्यात स्थिर राहतो आणि माणूस राहत नाही. चांगला ड्रमवादक ओळीच्या शेवटी थोडा सैल पडतो आणि पुढच्या ओळीला पुन्हा आवळतो.

रहमान यांना हे ठाऊक होते, असे ‘इरुवर’ (१९९७) ऐकताना वाटते. त्या चित्रपटाचा काळ जुना असल्यामुळे त्यांनी जॅझचा वापर मुद्दाम काळाची खूण म्हणून केला. हरिणी यांनी गायलेले ‘हलो मिस्टर एदिर्कच्चि’ हे पितळी वाद्यांसह थेट स्विंग आहे आणि त्याच चित्रपटात आशा भोसले यांनी ‘वेण्णिला वेण्णिला’ गायले आहे. लक्षात घेण्यासारखे हे, की जुना काळ दाखवण्यासाठी ‘हलो मिस्टर’मध्ये त्यांनी चार मात्रांचा स्विंग निवडला. चित्रपटाच्या प्रेक्षकाला ‘जॅझ’ म्हणून चटकन ओळखू येतो तो चार मात्रांचा. तीन मात्रांचा असता तर तो त्याला घरचाच वाटला असता आणि खूण पटली नसती. पुढे ‘कडल’ (२०१३) मधल्या ‘अडिये’ या सिद श्रीराम यांच्या गाण्यात तिनांची लय येते, पण ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गॉस्पेल भक्तिगीतांची संथ, जड लय आहे. कोळीवाड्यातल्या ख्रिस्ती वस्तीच्या कथेला ती शोभतेही. तिलाही काही जण जॅझ वॉल्ट्झ म्हणतात. तिथे घर दोन मोठ्या ठोक्यांचे आहे आणि प्रत्येक ठोका त्रिभागी आहे. जॅझ वॉल्ट्झमध्ये ठोके तीन असतात. सहाच्या आणि नवाच्या या हिशोबात गल्लत करायची नसेल तर टाळी धरून बघावी: गाणे स्वस्थपणे ‘एक-दोन, एक-दोन’ असे चालू लागले, तर ते जॅझ वॉल्ट्झ नव्हे.

ज्यांना कान तयार करायचा आहे त्यांनी माझ्या मते तमिळ गाण्यांपासून सुरुवात करू नये. आधी एल्विन जोन्सचे ते चौदा मिनिटांचे वादन फक्त डाव्या पावलाकडे लक्ष ठेवून ऐकावे, मग एखाद्या चांगल्या मृदंगवादकाची रूपक तालातली तनि आवर्तनम (मैफलीतले तालवाद्याचे एकल वादन) ऐकावी, आणि त्यानंतर साठ-सत्तरच्या दशकांतल्या विश्वनाथन यांच्या आणि ऐंशीपर्यंतच्या इळैयराजांच्या गाण्यांतले मधले वाद्यखंड तबला सुरू होण्याआधीपर्यंत ऐकावेत. एकल ध्वनिवाहिनीच्या त्या जुन्या मुद्रणांत सिंबल फार मागे आहे आणि नव्याने ‘स्वच्छ’ करून काढलेल्या आवृत्त्यांत सरसर कमी करण्याच्या नादात वरचे सूर छाटलेले असतात, त्यामुळे तो ‘चिक’ नेमका तिथेच नाहीसा होतो. शक्य असेल तर जुनी तबकडी किंवा तिच्यावरून केलेली, सरसर तशीच ठेवलेली प्रत मिळवावी.